मुख्य फ्यूज बॅटरीजवळच लावा
ऑफरोड गाडीत बोलण्या-ऐकण्याचा वायरलेस रेडिओ, फ्रीज, जादा दिवे बसवताना बरेच जण फ्यूज फक्त उपकरणाजवळ लावतात. तो असू द्या, पण मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतरातच हवा, कारण त्याचं खरं काम वायर वाचवणं. खडबडीत वाटेवर वायर पत्र्याच्या कडेला सतत घासते, वरचं आवरण सोलवटतं, आतलं तांबं चमकू लागतं आणि ते बॉडीला टेकलं की शॉर्ट. बॅटरी आणि फ्यूजच्या मधे हे झालं, तर आग लागू शकते. म्हणून वायर जाते त्या पत्र्यातल्या भोकाला रबरी ग्रोमेट (कडेला बसणारं रबरी कडं) बसवाच.

वायरच्या जाडीत मात्र अजिबात काटकसर करू नका. ५० वॉटने सिग्नल पाठवणारा रेडिओ बोलताना साधारण १० अँपिअर ओढतो. बॅटरी ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर झाली. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत पाऊण व्होल्ट तिथेच जातो. ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर जेमतेम ०.३. इंजिन बंद असताना, बॅटरी उतरत आलेली असताना हा फरक जाणवतो: ऐकू येतं सगळं, पण बोलायचं बटण दाबलं की रेडिओ बंद पडतो.