लिंकन पेनींचा संग्रह खाऊच्या पैशांत पूर्ण करायचा असेल, तर या चुका टाळा

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांना नाणी जमवण्याची आवड लागली, तर सुरुवात पेनीपासून करावी हेच योग्य. अब्राहम लिंकन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९०९ मध्ये निघालेली, व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी घडवलेली आणि १९५८ पर्यंत मागच्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या असलेली ही एक सेंटची नाणी बहुतेक वर्षांची आजही थोडक्या पैशांत मिळतात. तरीही असे अनेक संग्रह अर्ध्यावर थांबतात आणि पैसे पुरले नाहीत असे कारण सांगितले जाते. माझ्या मते बहुतेक वेळा पैसे अपुरे नसतात, ते चुकीच्या क्रमाने खर्च झालेले असतात.

सगळा संग्रह एकदम अंगावर घेणे

१९०९ ते १९५८ या काळातले प्रत्येक वर्ष आणि प्रत्येक टांकसाळ धरली, तर सुमारे १४० नाणी होतात. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर टांकसाळीची खूण नसते. डेन्व्हरच्या नाण्यावर सालाखाली ‘डी’ आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावर ‘एस’ असतो. अल्बम उघडला की पहिल्याच ओळीत १९०९ ‘एस व्हीडीबी’चे रिकामे घर दिसते. ब्रेनर यांची आद्याक्षरे मागच्या बाजूला ठळक असलेली ही पेनी सॅन फ्रान्सिस्कोत केवळ ४,८४,००० पाडली गेली आणि झिजलेल्या अवस्थेतही ती शेकडो डॉलरना विकली जाते. मूल त्या घराकडे बघून हिरमुसते, किंवा आई-वडील वाढदिवसाला तेच एक नाणे घेऊन देतात आणि उरलेल्या संग्रहासाठी काही शिल्लक राहत नाही.

त्याऐवजी शेवटाकडून सुरुवात करावी. १९४१ ते १९५८ या वर्षांची, वर्ष आणि टांकसाळ धरून, ५१ नाणी होतात आणि त्यांत एकही दुर्मीळ नाही. हा भाग स्वतंत्र संग्रह मानावा, तो पूर्ण करावा आणि मगच १९३४ ते १९४० कडे व त्यानंतर आणखी मागे जावे. १९२२ची ‘डी’ न उमटलेली पेनी आणि १९५५ची अक्षरे दुहेरी उमटलेली पेनी ही साच्यातील दोषांमुळे झालेली रूपे आहेत. ती नसली तरी वर्षवार संग्रह अपुरा ठरत नाही, म्हणून लहान संग्राहकाने त्यांची घरे निश्चिंतपणे रिकामी ठेवावीत.

केवळ संख्या पाहून किंमत ठरवणे

किती नाणी पाडली गेली हा आकडा सहज मिळतो, म्हणून मुले त्यावरच विसंबतात. पण किती पाडली यापेक्षा किती टिकली आणि कोणत्या अवस्थेत टिकली, याला बाजारात अधिक महत्त्व असते. १९३१ ‘एस’ची ८,६६,००० नाणी निघाली, तर १९१४ ‘डी’ची ११,९३,०००. आकड्यांवरून पहिले नाणे महाग असायला हवे. प्रत्यक्षात १९१४ ‘डी’ अधिक महाग आहे, आणि दर्जा चढत जातो तसे हे अंतर फार मोठे होते. याचे कारण असे, की १९३१ ‘एस’ कमी संख्येत निघाल्याचे कळताच संग्राहकांनी आणि व्यापाऱ्यांनी ती बाजूला काढून ठेवली, तर १९१४ ‘डी’ कोणाच्याही लक्षात न येता वर्षानुवर्षे चलनात झिजत राहिली. याचा खिशाला थेट उपयोग होतो: १९३१ ‘एस’च्या झिजलेल्या आणि बऱ्या नाण्याच्या किमतीत तुलनेने थोडाच फरक असतो, त्यामुळे तिच्यासाठी थोडे थांबून चांगले नाणे घेणे फायद्याचे ठरते, १९१४ ‘डी’ मात्र वाचता येईल इतपत झिजलेली मिळाली तरी समाधान मानावे.

हाच विचार संपूर्ण संग्रहाला लावता येतो. प्रत्येक घरात चकचकीत नाणे हवे हा हट्ट बजेट खाऊन टाकतो. १९३४ पूर्वीच्या नाण्यांसाठी ओंब्यांवरच्या निम्म्या रेषा दिसतील इतका दर्जा आणि त्यापुढच्या नाण्यांसाठी जवळपास सगळ्या रेषा दिसतील असा दर्जा ठरवून घेतला, तर संग्रह एकसारखा दिसतो आणि खर्चही आटोक्यात राहतो.

स्वस्तात मिळालेले दुर्मीळ नाणे

या संग्रहातले सर्वांत मोठे नुकसान याच ठिकाणी होते, म्हणून हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. बनावट १९१४ ‘डी’ बहुधा १९४४ ‘डी’मधील पहिला चार खरवडून केलेली असते. तिच्यात नऊ आणि एक या अंकांमधली जागा विनाकारण रुंद दिसते. दुसरी खूण अधिक खात्रीची आहे. १९०९ मध्येच काढून टाकलेली ब्रेनर यांची आद्याक्षरे १९१८ पासून लिंकन यांच्या खांद्याच्या कडेला बारीक अक्षरांत परत आली, त्यामुळे १९१४च्या खऱ्या नाण्यावर ती असूच शकत नाहीत. भिंगातून ती दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवावा. अक्षरे दिसली नाहीत म्हणून मात्र नाणे खरे ठरत नाही, कारण फिलाडेल्फियाच्या १९१४च्या पेनीवर ‘डी’ चिकटवूनही फसवणूक केली जाते.

१९४३ची पेनी युद्धकाळात तांबे वाचवण्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची केली गेली. त्या वर्षाची चुकून तांब्याची पाडली गेलेली नाणी अत्यंत दुर्मीळ आहेत, म्हणूनच पोलादी नाण्यांवर तांब्याचा मुलामा चढवून ती विकली जातात. साधे लोहचुंबक हा प्रश्न क्षणात सोडवते: नाणे चुंबकाला चिकटले तर आत पोलाद आहे. चिकटले नाही तरी हुरळून जाऊ नये, कारण १९४८च्या आठाचा तीन केलेलीही नाणी फिरतात. शिवाय जुन्या पोलादी पेनींना नव्याने मुलामा देऊन त्या ‘नव्याकोऱ्या’ म्हणून खपवल्या जातात. फार सारख्या आणि फार चकाकणाऱ्या तीन नाण्यांचा संच दिसला की हा संशय घ्यावा.

१९५५ची खरी दुहेरी पेनी ओळखायला भिंगसुद्धा लागत नाही. साल आणि अक्षरे सरळ दोनदा दिसतात. झिजलेल्या साच्यामुळे केवळ शेवटच्या पाचाला सावली आलेली नाणी तिच्या नावावर महाग विकली जातात, ती घेऊ नयेत.

या महागड्या चार-पाच नाण्यांपुरता माझा सल्ला ठाम आहे: ती पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी पारखणाऱ्या संस्थांनी तपासून बंद डबीत दिलेलीच घ्यावीत आणि डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. बाकीच्या नाण्यांसाठी असा खर्च करणे व्यर्थ आहे, कारण तपासणीचे शुल्क नाण्याच्या किमतीपेक्षा जास्त होते.

‘न तपासलेल्या’ गुंडाळ्या

टोकाला एखादे जुने आकर्षक नाणे दिसेल अशी बांधलेली आणि ‘कोणीही न तपासलेली’ म्हणून विकली जाणारी पेनींची गुंडाळी मुलांना फार मोहात पाडते. ते टोकाचे नाणे मुद्दाम ठेवलेले असते आणि आतली नाणी आधीच चाळलेली असतात, असेच गृहीत धरावे. त्यापेक्षा बँकेतून ५० पेनींची गुंडाळी ५० सेंटना मिळाली, तर ती घ्यावी, चाळावी आणि उरलेली नाणी परत द्यावीत. ओंब्यांची पेनी क्वचित सापडते, पण तोटा काहीच होत नाही. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. त्यानंतर ‘आता पेनी संपणार’ असे सांगून साधी नाणी महाग विकणाऱ्यांपासून विशेष सावध राहावे, कारण अब्जावधी पेनी अजूनही लोकांकडे पडून आहेत.

चिंच आणि मीठ

आपल्या घरांत तांब्याचे भांडे काळवंडले की ते चिंचेने किंवा लिंबू-मिठाने घासायची रीत आहे, आणि भारतातून आलेली आजी प्रेमाने नातवाच्या पेनीही तशाच लख्ख करून देते. ही पेनी ९५ टक्के तांब्याची असली, तरी नाण्याच्या बाबतीत ही चकाकी नुकसान करते. आम्लामुळे वरचा मूळ थर निघून जातो, नाणे अनैसर्गिक गुलाबी दिसते आणि जाणकार संग्राहक ते हातात घेऊन परत ठेवतो. गेलेला तपकिरी रंग कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. म्हणून आजी येण्यापूर्वीच तिला हे समजावून सांगावे आणि नाणी नेहमी कडेने धरावीत, कारण तांब्यावर बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

नाण्यांवर हिरवट चिकट थर दिसू लागला, तर दोष बहुधा पीव्हीसीच्या मऊ पाकिटांचा असतो. नाणी त्यांतून लगेच काढून मायलर या पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेल्या पुठ्ठ्यांत किंवा अल्बममध्ये ठेवावीत. तळघरातली ओल टाळावी.

यादी न ठेवणे

शेवटची चूक साधी, पण खर्चिक आहे. कोणते नाणे आहे, कोणत्या दर्जाचे आहे आणि किती दिले, हे वहीत लिहिलेले नसेल, तर मूल तेच नाणे दुसऱ्यांदा विकत घेते. यादी खिशात असली, की गावातल्या नाणेसंग्राहकांच्या मंडळात जाऊन दुबार नाणी अदलाबदलीसाठी मांडता येतात. जाताना यादीत हव्या असलेल्या नाण्यांपुढे आपण जास्तीत जास्त किती देणार, हेही आधीच लिहून न्यावे.