वायरमनसाठी कपडे घेताना: रेडियमची पट्टी आणि आग न धरणारं कापड

डीपीवर चढणाऱ्या माणसाच्या अंगावर बहुतेक वेळा साधा सदरा आणि त्यावर स्वस्तातलं नारिंगी रेडियम जाकीट असतं. रस्त्यावरच्या गाड्यांपासून ते जाकीट वाचवतं, यात शंका नाही. पण ते जाळीदार पॉलिस्टरचं असतं. पॉलिस्टर साधारण 260 अंशांच्या आसपास वितळतं आणि तारांमध्ये उडालेल्या आर्कचं, म्हणजे हवेतून उडी मारणाऱ्या विजेच्या भडक्याचं, तापमान हजारो अंशांत असतं. वितळलेलं कापड कातडीला चिकटून बसतं आणि जखम खोल करतं. आत महागातला एफआर (आग न धरणारा) सदरा असला, तरी वरचा थर पेटला की तो सदऱ्याला तापवत राहतो. म्हणून सगळ्यात बाहेरचा थर एफआरच हवा. ठळक दिसणं आणि आग न धरणं, दोन्ही गुण त्याच एका कपड्यात असायला हवेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. हे कपडे शॉकपासून वाचवत नाहीत. परमिट (लाइन बंद असल्याची लेखी परवानगी), डिस्चार्ज रॉड (तारेत उरलेली वीज जमिनीत उतरवणारी काठी), रबरी हातमोजे आणि हेल्मेट यांची जागा कुठलाही सदरा घेऊ शकत नाही.

दुकानात गेल्यावर आधी कॉलरच्या किंवा शिवणीच्या आतलं लेबल वाचा. आयएसओ 11612 म्हणजे उष्णता आणि ज्वाळेपासून संरक्षण. त्याखालची ए1, बी1, सी1 ही अक्षरं कसली चाचणी झाली ते सांगतात. आयएसओ 20471 म्हणजे ठळक दिसण्याची चाचणी. तिथे जाकिटाच्या चित्राशेजारी 1, 2 किंवा 3 असा वर्ग छापलेला असतो. आपल्याकडे उष्णतेसाठी आयएस 15748 आणि ठळकपणासाठी आयएस 15809 आहे. पण वायरमनसाठी सर्वांत मोलाचा आकडा आयईसी 61482-2 हा आहे, कारण आर्कची परीक्षा त्यातच होते. नुसतं 11612 किंवा 15748 पाहून आर्कची खात्री धरू नका. भट्टीजवळ काम करणाऱ्याची गरज वेगळी, लाइनवरच्या माणसाची वेगळी.

आर्कचं मोजमाप दोन तऱ्हेने लिहिलेलं सापडतं. एक एटीपीव्ही किंवा ईबीटी, म्हणजे कापड आर्कची किती ऊर्जा सोसतं ते, जे दर चौरस सेंटिमीटरला किती कॅलरी यात मोजतात. दुसरं एपीसी 1 किंवा एपीसी 2, म्हणजे आर्कपासून संरक्षणाचा वर्ग. दोन्ही चाचण्या वेगळ्या आहेत. एपीसीवरून कॅलरी काढता येत नाही, त्यामुळे विक्रेत्याने तसा हिशोब मांडला तर तो मानू नका. उघड्या कातडीला दुसऱ्या दर्जाची भाजणूक व्हायला 1.2 कॅलरी पुरते. रोजच्या लाइनकामासाठी 8 कॅलरीच्या खाली उतरू नका. सबस्टेशनमध्ये पॅनलचा ब्रेकर आत-बाहेर करताना 40 कॅलरीचा हूडसकट सूट लागू शकतो. नेमका आकडा त्या ठिकाणचा अभ्यास करून अभियंत्याने द्यायचा असतो, तो त्याच्याकडून लेखी मागा.

‘चारशे चाळीस व्होल्ट म्हणजे किरकोळ’ हा समज फार घातक आहे. ट्रान्स्फॉर्मरच्या एलटी (कमी दाबाच्या) बाजूला शॉर्ट झालं की ते तोडायची जबाबदारी एचटीच्या (उच्च दाबाच्या) फ्यूजवर येते. तिथे कुणी मापाच्या फ्यूजऐवजी जाड तार गुंडाळून ठेवली असेल, तर ती वितळायला वेळ घेते आणि तेवढा वेळ आर्क जळत राहतो. अंगावर पडणारी ऊर्जा जवळपास वेळेच्या प्रमाणात वाढते: वेळ दुप्पट, तर ऊर्जाही दुप्पट. गावागावांत अशा तारा दिसतात. तिथे 8 कॅलरीच्या सदऱ्यावर भिस्त ठेवण्याआधी फ्यूज बदलून घ्या.

ठळकपणाचा वर्ग कामावरून ठरतो. वर्ग 2 साठी चमकदार रंगाचं कापड किमान 0.50 चौरस मीटर आणि परावर्तक पट्टी 0.13 चौरस मीटर लागते. वर्ग 3 साठी हेच आकडे 0.80 आणि 0.20 आहेत. महामार्गाकडेला किंवा रात्री फीडरवर (मुख्य वीजवाहिनीवर) काम असेल, तर वर्ग 3 घ्या. नुसत्या बिनबाह्यांच्या जाकिटाला तो वर्ग मिळत नाही, बाह्या किंवा पूर्ण पँट हवी. पट्टी किमान 50 मिलिमीटर रुंद असते. सेफ्टी बेल्ट चढवून बघा: छातीवरची पट्टी बेल्टखाली गेली, तर ती असून नसल्यासारखी. खांद्यावरून उभ्या पट्ट्या आणि बाह्यांभोवती गोल पट्ट्या असलेला नमुना बेल्टसोबत बरा पडतो.

रंगाबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात पिवळा-हिरवा डोळ्यांत भरतो, पण खरिपात सोयाबीन-तुरीच्या हिरव्या रानात आणि उन्हाळ्यात वाळल्या गवतात नारिंगी जास्त उठून दिसतो. शेतातल्या लाइनवर नारिंगी, शहरात पिवळा-हिरवा.

चमकदार नारिंगी-पिवळा रंग शंभर टक्के सुतावर नीट बसत नाही. त्यामुळे ठळक एफआर कपडा बहुधा मोडॅक्रिलिक आणि सुताच्या मिश्रणाचा असतो. भडक पिवळा आणि ‘शंभर टक्के कॉटन’ असं एकत्र सांगितलं, तर थांबा. शिवणीच्या आतले चार धागे काढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. वितळून काळा टणक मणी झाला, तर ते शंभर टक्के कॉटन नाही. मात्र मणी झाला नाही म्हणून कपडा खरा ठरत नाही, ते काम चाचणीच्या प्रमाणपत्राचंच. शिलाईचा दोराही एफआर हवा. गावातल्या शिंप्याकडून साध्या दोऱ्याने पँट तोकडी केली की भडक्यात शिवण उसवते. कंपनीचं नाव मोठ्या पॉलिस्टर भरतकामात काढून घेणं हाही तसाच धोका.

मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा 42-44 वर जातो, आणि जाड कपड्यात माणूस बाह्या दुमडतो, गळ्याचं बटण उघडतो. तेवढी उघडी जागा भाजते. म्हणून 8 कॅलरी देणाऱ्या कापडांत वजनाने हलकं निवडा, ही कापडं साधारण 200 ते 250 जीएसएमची (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम) मिळतात. माप सैल घ्या, कारण कापड आणि कातडी यांच्यातली हवा उष्णता अडवते. दुकानातच उकिडवं बसा, मग क्रॉस आर्म (खांबावरचा आडवा दांडा) धरल्यासारखे दोन्ही हात वर करा. पोट किंवा पाठ उघडी पडली, तर सदरा लांब घ्या किंवा सदरा-पँट एकत्र असलेला कव्हरऑल घ्या. आत सुती बनियन, नायलॉनचा स्पोर्ट्स टी-शर्ट अजिबात नको. पावसाळ्यात प्लास्टिकचा साधा रेनकोट वर चढवला की खालचा खर्च वाया. रेनकोटही आर्कच्या चाचणीतला हवा.

माणशी तीन जोड धरा: एक अंगात, एक धुण्यात, एक हाताशी.

धुण्यात इथे विशेष अडचण येते. आपल्या बोअरचं पाणी जड. त्यात साबणाची वडी घासली की फेस येत नाही, पांढरा चिकट थर कापडात अडकतो, आणि तो थर जळतो. शिवाय तो थर सुतावरच्या एफआर प्रक्रियेचा गुणही झाकून टाकतो. म्हणून पावडर डिटर्जंट वापरा, ब्लीच नसलेली. तीनदा स्वच्छ पाण्यात खळबळा, टाकीतलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम. खळ आणि कंडिशनर घालू नका. उलटं करून सावलीत वाळवा, उन्हाने चमकदार रंग विटतो. पट्टी किती धुणी टिकते तो आकडा लेबलवर असतो, तो संपल्यावर रात्री मोबाइलचा टॉर्च कपाळाजवळ धरून दहा पावलांवरून पट्टी बघा. नवीन जोडीच्या शेजारी ती मळकट दिसली, तर कपडा बदला.

ट्रान्स्फॉर्मरचं तेल सांडलं, तर कपडा लगेच उतरवा. एफआर कापड जळत नसलं तरी त्यात मुरलेलं तेल जळतं. धुऊनही डाग आणि वास राहिला, तर तो जोड लाइनवर न्यायचा नाही. एकदा आर्कचा भडका सोसलेला कपडा वरून धड दिसला तरी कापून टाका, म्हणजे दुसरं कुणी तो अंगात घालणार नाही.