मापपट्टी नसलेला ओढा

खानापूरजवळच्या आमच्या ओढ्यावर पाण्याची मोजणी कधीच नव्हती. पाणलोटाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मलप्रभा नदीच्या नोंदींवरून ओढ्याच्या पुराचा अंदाज काढला, तर आकडा भलताच फुगला. फुगणारच! मलप्रभा उगम पावते कणकुंबीला, तिथला पाऊस घाटातला. आमच्याकडे पूर्वेला सरकलं की तो झपाट्याने उतरतो.

शेवटी शेजारच्या काकांनी गोठ्याच्या भिंतीवरची चिखलाची रेघ दाखवली. "२०१९ ला पाणी हितवर आलतं बघ." ती धरून टेप लावला: काटछेद १८ चौरस मीटर, जलीय त्रिज्या (काटछेद भागिले पाण्याने भिजलेल्या तळ-काठांची लांबी) दीड मीटर, उतार ४०० ला १. पात्राचा आकार, उतार आणि खडबडपणा यांवरून प्रवाह काढणाऱ्या मॅनिंगच्या सूत्रात खडबडपणा ०.०३ घेतला, प्रवाह आला सेकंदाला ३९ घनमीटर. पण पात्रात झुडपं माजलेली! ०.०५ घेतल्यावर २४. झुडपं तोडली, तर त्याच पातळीला जास्त पाणी जाईल, म्हणून वहीत दोन्ही आकडे ठेवलेत.