मागच्या खेपेला रक्तदाब वाढला असेल, तर या गर्भारपणात त्यावर लक्ष कसे ठेवावे

पहिल्या खेपेला रक्तदाबापायी तेहतिसाव्या आठवड्यातच सिझेरियन करावे लागलेली बाई दुसऱ्या खेपेला दवाखान्याच्या पायऱ्या चढतानाच धास्तावलेली असते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. "काळजी करू नकोस, या वेळी सगळे नीट होईल" असे घरचे प्रेमाने म्हणतात, पण तेवढ्याने ती धास्ती जात नाही. माझी धास्ती आटोक्यात आली ती रक्तदाब कधी मोजायचा, कोणत्या आकड्याला कोणाला फोन करायचा आणि कोणत्या आकड्याला थेट रुग्णालय गाठायचे हे आधीच ठरवून वहीत लिहून ठेवल्यानंतर. ती वही कशी तयार करावी आणि नऊ महिने कशी सांभाळावी, हे पुढे क्रमाने दिले आहे. औषधांबाबतचा प्रत्येक निर्णय मात्र तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा आहे.

१. मागच्या वेळी नेमके काय झाले होते, ते कागदावरून शोधा

"मागे बीपी वाढले होते" एवढे सांगून डॉक्टरांना पुरेसे कळत नाही, कारण त्या एका वाक्याखाली निरनिराळे आजार येतात. काहींचा रक्तदाब गर्भ राहण्याआधीपासूनच जास्त असतो. काहींचा विसाव्या आठवड्यानंतर नुसता वाढतो आणि बाळंतपणानंतर खाली येतो. तिसरा प्रकार प्रीएक्लाम्प्शियाचा. त्यात वाढलेल्या रक्तदाबाबरोबर लघवीतून प्रथिने जातात, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील प्लेटलेट्स यांवर परिणाम झालेला दिसतो, आणि तो बळावला तर झटके येऊ शकतात.

म्हणून जुने डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे कागद शोधून काढा. ते हरवले असतील तर ज्या रुग्णालयात बाळंतपण झाले तेथे प्रतीसाठी लेखी अर्ज करा. रक्तदाब कितव्या आठवड्यात वाढला, सर्वांत जास्त आकडा किती होता, लघवीत प्रथिने होती का, प्लेटलेट्स किती उतरल्या होत्या, झटके आले होते का, बाळ कितव्या आठवड्यात जन्मले आणि त्याचे वजन किती होते, एवढे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. बाळंतपण ३४ आठवड्यांच्या आत करावे लागले असेल तर ते ठळकपणे सांगा, कारण अशा वेळी रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती आहे का हे पाहणाऱ्या विशेष तपासण्या कधीकधी कराव्या लागतात.

हे पान लिहिताना मन जड होते. पण याच पानावरून पुढचा अंदाज बांधता येतो. एकदा प्रीएक्लाम्प्शिया झालेल्या साधारण सहा-सात जणींपैकी एकीला तो पुढच्या गर्भारपणात पुन्हा होतो, आणि मागचे बाळंतपण त्यापायी ३४ आठवड्यांच्या आत झाले असेल तर हे प्रमाण साधारण तिघींमध्ये एक एवढे वाढते. म्हणजे धोका खरा आहे, तरी बहुतेकींना तो आजार पुन्हा होत नाही.

२. पाळी चुकल्यावर वाट पाहू नका

"तीन महिने झाल्याशिवाय कोणाला सांगायचे नाही" ही रीत नातेवाइकांपुरती ठेवा. डॉक्टरांकडे पहिल्या काही आठवड्यांतच जायला हवे, कारण सुरुवातीचा रक्तदाब, लघवीतील प्रथिने, प्लेटलेट्स, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि यकृताच्या तपासण्या यांचे आकडे हाती असले, तरच सातव्या महिन्यातला आकडा खरोखर बदलला आहे का हे ताडून पाहता येते.

ज्यांना आधीपासून रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तर दिवस राहण्यापूर्वीच भेटावे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या गोळ्या गर्भारपणात चालत नाहीत, त्या बदलून लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा यांपैकी एखादे औषध दिले जाते. मात्र भीतीपोटी चालू गोळी स्वतःहून बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून ती बदलून घ्या.

३. ॲस्पिरिन आणि कॅल्शियमबद्दल विचारा

प्रीएक्लाम्प्शियाचे मूळ वारेत असते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या वारेसाठी रुंदावण्याचे काम गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात चालते, आणि ते अपुरे राहिले तर त्याचे परिणाम पुढे रक्तदाबात दिसतात. म्हणूनच कमी मात्रेतील ॲस्पिरिन बाराव्या आठवड्यानंतर आणि शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलीग्रॅम ॲस्पिरिन दिले गेले, तेव्हा ३७ आठवड्यांच्या आत होणाऱ्या प्रीएक्लाम्प्शियाचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाले. तुम्हाला ७५ मिलीग्रॅम द्यायचे की १५०, आणि मुळात ॲस्पिरिन चालेल का, हे डॉक्टर ठरवतील. विचारायचे मात्र तुम्ही, आणि वेळेत.

कॅल्शियमच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज दोन, प्रत्येकी ५०० मिलीग्रॅमच्या, अशी पद्धत आहे. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये, कारण त्यामुळे लोह नीट शोषले जात नाही. मीठ पूर्ण तोडण्याने किंवा दिवसभर पडून राहण्याने प्रीएक्लाम्प्शिया टळत नाही. खोकल्यासाठी किंवा आम्लपित्तासाठी ज्येष्ठमध चघळण्याची सवय असेल तर ती सोडा, कारण ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्याही औषधाच्या दुकानातून परस्पर आणू नका.

४. घरी रक्तदाब मोजण्याची रीत घालून घ्या

दंडावर पट्टा बांधायचे यंत्र घ्या, मनगटावरचे नको. पट्टा दंडाच्या घेराला बसणारा हवा, कारण जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा खोटाच जास्त येतो. गर्भवतींसाठी तपासून प्रमाणित केलेले यंत्र कोणते, हे डॉक्टरांना विचारा, आणि पहिल्या भेटीला ते सोबत नेऊन त्यांच्या यंत्राशी एकदा पडताळून घ्या.

मोजण्यापूर्वी लघवीला जाऊन या. अर्धा तास आधी चहा-कॉफी नको. पाठ टेकेल अशा खुर्चीत, पाय जमिनीवर सरळ ठेवून, पाच मिनिटे न बोलता बसा. जमिनीवर मांडी घालून किंवा पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून मोजू नका. बाही गुंडाळून दंड आवळण्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढा आणि दंड छातीच्या पातळीला येईल असा टेबलावर टेकवा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहा. आवडलेला आकडा लिहून नावडता गाळू नका.

किती वेळा मोजायचे, हेही डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा एवढे बहुधा पुरते. हे मी मुद्दाम सांगते. एकोणतिसाव्या आठवड्यात एका रात्री मी अंथरुणात बसून सात वेळा पट्टा बांधला होता. पहिला वरचा आकडा १२६ होता, मग १३१, १३४, १३८ असा चढत गेला, कारण प्रत्येक आकड्याने मी अधिकच घाबरत होते आणि दंडही दुखू लागला होता. शेवटी यजमानांनी यंत्र उचलून कपाटात ठेवले. सकाळी चहाच्या आधी शांतपणे मोजला तेव्हा तो ११८/७४ होता. तेव्हापासून यंत्र त्यांच्या ताब्यात राहिले आणि आकडेही तेच लिहू लागले.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत रक्तदाब निसर्गतःच थोडा उतरतो आणि शेवटच्या तिमाहीत पुन्हा मूळ पातळीकडे जातो. त्यामुळे पाचव्या महिन्यातल्या १०४/६४ वरून धोका टळला असे समजू नये, आणि आठव्या महिन्यातला ११८/७६ पाहून तो आला असेही समजू नये.

५. आकडे आणि त्यापुढची कृती वहीच्या मागच्या पानावर लिहा

घरच्या यंत्रावरचा १३५/८५ हा साधारणपणे दवाखान्यातल्या १४०/९० च्या तोडीचा धरतात. वरचा किंवा खालचा, कोणताही एक आकडा या रेषेपलीकडे सतत येऊ लागला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० वा त्याहून जास्त आला तर पंधरा मिनिटे शांत बसून एकदाच पुन्हा मोजायचे, आणि तो तसाच असेल तर काही त्रास होत नसला तरी थेट रुग्णालयात निघायचे. इतक्या रक्तदाबावर तास-अर्ध्या तासातच उपचार सुरू व्हावे लागतात. त्रास वाटत असेल तर ती पंधरा मिनिटेही थांबू नये.

रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या म्हणून हार मानू नका. सौम्य जुन्या रक्तदाबावरही गर्भारपणात उपचार करून तो १४०/९० च्या खाली ठेवल्यास आईचे आणि बाळाचे गंभीर त्रास कमी होतात आणि बाळाची वाढ त्यामुळे खुंटत नाही, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसले आहे.

६. "पित्त झाले असेल" हे वाक्य घरात बंद करा

या लेखातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे. आपल्याकडे डोके ठणकले तर ते पित्ताने, उलटी झाली तर पित्त पडले, आणि पोटाच्या वरच्या भागात दुखले तर पित्त उसळले. प्रीएक्लाम्प्शिया बळावल्याच्या खुणा नेमक्या याच तीन आहेत: न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, आणि उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मध्यभागी दुखणे. मागच्या खेपेला मला कोकम सरबत करून दिले गेले, ते मायेनेच दिले होते, पण त्यात एक अख्खी रात्र गेली.

डोळ्यांपुढे काजवे चमकणे किंवा अंधुक दिसणे, धाप लागणे, अंगावर रक्त जाणे आणि बाळाची हालचाल मंदावणे हीदेखील तातडीने निघण्याची कारणे आहेत. पावलांवर संध्याकाळी सूज बहुतेक गर्भवतींना येते. पण सकाळी उठल्यावर चेहरा फुगलेला दिसणे, एक-दोन दिवसांत अंगठी निघेनाशी होणे, बांगड्या हातात रुतू लागणे, असे झाले तर रक्तदाब मोजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. ही यादी सासूबाईंना, आईला आणि यजमानांना वाचून दाखवा, कारण अशा वेळी निर्णय बहुधा त्यांच्या तोंडून यायचा असतो.

७. माहेरी जाण्यापूर्वी फाइल पाठवा

सातव्या महिन्यात ओटी भरून बाळंतपणासाठी माहेरी जायचे, ही आपली रीत. मात्र रक्तदाब वाढण्याचा काळही नेमका तोच, आणि त्याच वेळी डॉक्टर बदलतात. जायचेच असेल तर माहेरच्या गावातील डॉक्टरांना पाचव्या-सहाव्या महिन्यातच एकदा भेटून या. त्या रुग्णालयात चोवीस तास सिझेरियनची सोय, रक्त, झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन आणि कमी दिवसांच्या बाळासाठी नवजात अतिदक्षता विभाग आहे का, हे स्पष्ट विचारा. माहेर दूर खेड्यात असेल आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचायला दोन तास लागत असतील, तर या खेपेला आईलाच तुमच्याकडे बोलवावे, असे माझे ठाम मत आहे.

सरकारी आरोग्य केंद्रात दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची मोफत तपासणी होते. तेथे मागचा त्रास सांगून आपली नोंद जोखमीच्या मातांमध्ये करून घ्या. रुग्णवाहिकेसाठीचा १०८ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

८. धास्तीचाही उपचार करून घ्या

दवाखान्यात पट्टा पाहूनच आकडा वाढतो, असे अनेकींचे होते. हे लाजून लपवू नका, घरची वही पुढे करा, म्हणजे डॉक्टरांना दोन्ही आकडे ताडून पाहता येतील. झोप उडाली असेल, मागची रात्र पुन्हा पुन्हा आठवत असेल, बाळासाठी काही खरेदी करायचेही धाडस होत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशक मोफत बोलतात.

९. बाळंतपणानंतर वही बंद करू नका

रक्तदाब बाळ जन्मताच उतरतो असे नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी तो अनेकदा सर्वांत जास्त असतो, म्हणजे नेमका घरी सोडल्यानंतर, बारशाची तयारी चालू असताना. झटके या दिवसांतही येऊ शकतात. त्यामुळे पहिले दहा दिवस रोज दोनदा मोजणे चालू ठेवा, दिलेल्या गोळ्या अंगावर पाजत असतानाही चालतात का हे विचारून घेऊन नियमाने घ्या, आणि सव्वा महिना घराबाहेर पडायचे नाही ही रीत तपासणीच्या आड येऊ देऊ नका. तीन महिन्यांनंतरही रक्तदाब जास्तच राहिला तर फिजिशियनला दाखवा.

प्रीएक्लाम्प्शिया होऊन गेलेल्या स्त्रियांना पुढील आयुष्यात रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासावे. मी ही तपासणी धाकट्याच्या वाढदिवसाच्या आठवड्यात करते आणि आकडे त्याच वहीत लिहिते.