सामायिक ऑनलाइन नकाशात जबाबदारीने संपादन कसे करावे

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा २००४ पासून स्वयंसेवकांच्या हातून घडत आला आहे. खाते उघडणारा कोणीही त्यात बदल करू शकतो आणि तो बदल जतन करताच थेट मूळ माहितीसाठ्यात जातो; मध्ये तपासनीस बसलेला नसतो. म्हणून तपासणी करायची ती संपादकानेच, आणि आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी संपादकाला आपण काय बदलले व कशाच्या आधारे बदलले हे समजेल अशा रीतीने करायची. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या एका अपेक्षेतून आली आहे.

पहिले संपादन आपल्या पायाखालच्या परिसरात करावे आणि ते लहान असावे. त्यासाठी ब्राउझरमध्ये उघडणारा आयडी हे संपादन-साधन पुरेसे आहे. जोसम हे संगणकावर उतरवून घ्यायचे साधन अधिक समर्थ असले, तरी त्यात एका फटक्यात शेकडो वस्तू बदलता येतात. हात बसेपर्यंत तेच धोक्याचे ठरते.

संपादनाआधी माहितीचा स्रोत ठरवावा. स्वतः जाऊन पाहिलेले सर्वांत भरवशाचे. संपादन-साधनात पार्श्वभूमी म्हणून दिलेली उपग्रह व हवाई छायाचित्रे गिरवण्यास परवानगी असते. इतर नकाशे मात्र पडद्यावर फुकट दिसत असले, तरी त्यांतून रस्त्याचे नाव किंवा दुकानाची जागा उचलता येत नाही. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती २०१२ पासून ओडीबीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना वापरायला दिली जाते आणि दुसऱ्याच्या हक्काची माहिती त्यात मिसळली, तर ती शोधून काढून टाकण्याचे काम इतरांच्या गळ्यात पडते.

छायाचित्र गिरवण्यापूर्वी ते जागेवर आहे का, हे पाहावे. या पायरीवर मी मुद्दाम थांबतो, कारण चांगल्या हेतूने केलेले सर्वाधिक नुकसान मी इथेच पाहिले आहे. उपग्रहाचे छायाचित्र जमिनीवरील खऱ्या जागेपासून काही मीटर सरकलेले असू शकते, विशेषतः डोंगराळ भागात, आणि ही सरक एकाच छायाचित्रात ठिकठिकाणी निराळी असते. सुरुवातीच्या काळात मी एका संध्याकाळी एका वस्तीतले सगळे रस्ते छायाचित्राबरहुकूम ओढून ‘दुरुस्त’ केले. मुळात ते रस्ते कोणीतरी जीपीएस घेऊन चालून नोंदवलेले होते आणि बरोबर होते. सरकले होते ते छायाचित्र. म्हणून आधी जीपीएस मागांचा, म्हणजे लोकांनी फिरताना नोंदवलेल्या मार्गरेषांचा, थर चालू करावा, एकाच रस्त्यावरून गेलेले अनेक माग जिथे दाट जुळतात तिथली मध्यरेषा प्रमाण धरावी आणि पार्श्वभूमीच्या सेटिंगमध्ये जाऊन छायाचित्र तिच्याशी जुळवून घ्यावे. छायाचित्राला सरकवावे, रस्त्यांना नव्हे. उंच इमारतीही फसव्या असतात: छायाचित्र तिरके घेतलेले असेल, तर छप्पर पायापासून बाजूला कललेले दिसते. अशा वेळी छपराचा आकार काढून तो इमारत जिथे जमिनीला टेकते तिथे आणून ठेवावा.

रेखाटताना चौकाकडे बारकाईने पाहावे. दोन रस्ते खरोखर मिळत असतील, तर दोघांमध्ये एक सामायिक बिंदू असलाच पाहिजे. एका रस्त्याचे टोक दुसऱ्यापासून वीतभर अंतरावर थांबले, तर पडद्यावर ते जुळलेले दिसते, पण मार्ग शोधणाऱ्या ॲपच्या लेखी तिथे वाटच नसते आणि ते वाहनचालकाला लांबून फिरवून आणते. याच्या उलट, उड्डाणपूल खालच्या रस्त्यावरून जातो तिथे सामायिक बिंदू मुळीच नको. पुलाच्या तेवढ्या तुकड्याला पूल असल्याचा टॅग (वस्तू काय आहे हे सांगणारी खूण) आणि वरचा स्तर द्यावा.

टॅग देताना वस्तू प्रत्यक्षात काय आहे तेच लिहावे. पायवाट नकाशात ठळक दिसावी म्हणून तिला रस्ता ठरवणे, किंवा नावाच्या रकान्यात ‘पार्किंग’ असे वर्णन टाकणे योग्य नाही. नाव फलकावर असते तसे आणि संक्षेप न करता लिहावे. इतर भाषांतील नावांसाठी स्वतंत्र टॅग आहेत. घरात राहणाऱ्यांची नावे नकाशावर कधीही घालू नयेत.

आधीची वस्तू चुकीची वाटली, तरी ती पुसून नव्याने काढू नये, कारण प्रत्येक वस्तूमागे तिचा इतिहास असतो. आकार सुधारावा, टॅग बदलावा. दुकान बंद पडले आणि तिथे दुसरे उघडले, तर इमारत तशीच ठेवून दुकानाची माहिती तेवढी बदलावी. ज्याने ती नोंद केली त्याच्याकडे आपल्याला न दिसलेले काही कारण असू शकते, म्हणून मोठ्या बदलाआधी इतिहास उघडून पाहावा.

जतन करताना बदलसंचाला, म्हणजे एकत्र जतन होणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्याला, शेरा लिहावा लागतो. बरेच जण तिथे ‘अपडेट’ एवढेच लिहून मोकळे होतात. त्यातून कोणालाच काही कळत नाही. ‘शाळेमागची गल्ली एकेरी केली, प्रवेशावरचा फलक प्रत्यक्ष पाहिला’ असा शेरा वर्षभरानंतरही उपयोगी पडतो. एका बदलसंचात कमाल १०,००० बदल मावतात, तरी एक परिसर आणि एक विषय एवढ्यावरच थांबावे. लांब अंतरावरच्या दोन गावांतील बदल एकत्र जतन केले, तर बदलसंचाची चौकट मधल्या सगळ्या प्रदेशावर पसरते आणि तिथल्या संपादकांना विनाकारण तपासत बसावे लागते.

जतन झाल्यावर त्या संचावर कोणी प्रश्न विचारला, तर उत्तर जरूर द्यावे. मतभेद असेल, तर एकमेकांचे बदल पुन्हापुन्हा उलटवण्याऐवजी बोलून घ्यावे. मोठा माहितीसंच एकगठ्ठा आयात करायचा असल्यास आधी समुदायात चर्चा करावी लागते, तसा नियमच आहे. आणि एखाद्या ठिकाणाबद्दल शंका उरलीच, तर अंदाजाने काही न काढता तिथे नकाशावर टीप ठेवावी आणि नेमके काय पाहून यायचे आहे ते तीत लिहावे, म्हणजे त्या वाटेने जाणारा दुसरा स्वयंसेवक ते तपासून नोंदवू शकेल.