कपाटातलं पुस्तक टेबलावर कसं आणावं

तालुक्याच्या वाचनालयांत बहुतेक ठिकाणी पुस्तकं कपाटात, कपाटं काउंटरच्या आत आणि वाचक बाहेर उभा, अशी रचना असते. ज्याला पुस्तकाचं नाव माहीत आहे तो नाव सांगतो. बाकीचे म्हणतात, "काहीतरी चांगलं द्या." मग देवघेवीच्या गडबडीत नुकतं परत आलेलं जे हाताशी असेल तेच आपण पुढे करतो. तीच थोडी पुस्तकं गावभर फिरत राहतात आणि मागच्या रांगेतली वर्षानुवर्षं हलत नाहीत. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' असं आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे हे तिसरं सूत्र पाळण्याचं सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक टेबल. ते कसं मांडायचं, ते लिहिते.

आधी एक गोष्ट ठरवून टाका. टेबलावरचं प्रत्येक पुस्तक वाचकाने त्याच दिवशी घरी न्यायचं आहे. जयंतीला आपण ग्रंथप्रदर्शन भरवतो, पांढरी चादर अंथरतो, तसबिरीला हार घालतो आणि बाजूला 'कृपया हात लावू नये' अशी पाटी ठेवतो. तो समारंभ झाला, त्याने देवघेव वाढत नाही. आपल्या पाटीवर 'आवडलं तर घेऊन जा' असं लिहा. त्यामुळे संदर्भ विभागातलं, बाहेर न देण्याचं पुस्तक या टेबलावर कधीच ठेवायचं नाही.

विषय निवडताना मोठे शब्द टाळा. 'पर्यावरण', 'समाजप्रबोधन', 'अभिजात साहित्य' अशा पाट्यांकडे लोक शाळेच्या फलकाकडे बघावं तसे बघून पुढे जातात. 'अंगणात येणारे पक्षी' म्हटलं की थांबतात. बोलताना जे शब्द तोंडात येतात तेच पाटीवर यावेत आणि पाटी चार-पाच शब्दांच्या वर जाऊ नये.

सर्वांत चांगला विषय कोणता, तर जो एका कपाटात मावत नाही तो. पाऊस घ्या. दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावण्याच्या पद्धतीत, हवामानशास्त्र ५५१.५ ला, शेती ६३० ला, लोककथा आणि लोकगीतं ३९८ ला आणि मराठी कविता ८९१.४६१ ला. हे चार वाचक एरवी एकमेकांच्या कपाटापाशी जात नाहीत. जूनमध्ये 'पाऊस आला' अशी पाटी लावून हे सगळं एकत्र आणलं की भातशेतीचं पुस्तक न्यायला आलेला माणूस कवितासंग्रह चाळताना दिसतो. वर्गीकरण पुस्तक सापडण्यासाठी असतं, टेबल पुस्तक भेटण्यासाठी. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही आपलीच आहेत.

दिनविशेष सोपे असतात, पण त्यातही थोडं पुढे जावं. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची चरित्रं मांडणं योग्यच आहे, पण ती आमच्याकडे मोजकी, एका दिवसात संपतात. त्यांच्याबरोबर मी 'बाईने स्वतः लिहिलेलं आयुष्य' अशी मांडणी करते. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० चं, म्हणजे शंभर वर्षांहून जुनं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण', बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. शांताबाई कांबळे तर स्वतः शिक्षिका होत्या, त्यामुळे त्यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा' या दिवशी मांडायलाच हवं. ज्या बायका मालिकेच्या गोष्टी सांगत वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसतात, त्या या पुस्तकांकडे वळतात. मला ही मांडणी वर्षातल्या सगळ्या मांडण्यांत जास्त मोलाची वाटते.

आषाढात ज्ञानेश्वरी, गाथा असतेच. शेजारी दि. बा. मोकाशी यांचं 'पालखी' ठेवा. गणपतीत चाकरमानी गावी येतात, तेव्हा आमच्याकडे 'आपल्या कोकणातल्या गोष्टी' असते: 'गारंबीचा बापू', 'कोंडुरा', 'सारे प्रवासी घडीचे', 'तुंबाडचे खोत'. शेवटच्याचे दोन खंड आहेत. टेबलावर पहिलाच ठेवावा आणि दुसरा काउंटरला जपून ठेवावा, नाहीतर कोणीतरी नुसता दुसरा घेऊन जातो. मे महिन्यात मुलांसाठी भुताखेतांच्या गोष्टींपुढे दुसरा कुठलाही विषय टिकत नाही. आश्विनात नवे दिवाळी अंक यायच्या आधी जुने अंक बाहेर काढा. 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. तेवढी एक ओळ पाटीवर लिहिली तरी जुन्या अंकांकडे रद्दी म्हणून बघणारे दोन मिनिटं थांबतात.

आता पुस्तकं निवडणं. कपाटापुढे उभं राहून आठवेल ते काढू नका, तारीखचिठ्ठी, म्हणजे पुस्तकात चिकटवलेला देवघेवीच्या शिक्क्यांचा कागद, बघा. शेवटचा शिक्का पाच-सात वर्षांपूर्वीचा असेल आणि पुस्तक चांगलं असेल, तर ते आपलं पुस्तक. मात्र सगळं टेबल अशा अनोळखी पुस्तकांनी भरू नये. तीनात एक पुस्तक लोकांना नावाने माहीत असलेलं हवं. ओळखीच्या पुस्तकाला हात घालताना शेजारचं अनोळखी पुस्तकही उचललं जातं, म्हणून दोन ओळखीची पुस्तकं शेजारी-शेजारी कधी ठेवू नयेत. एकूण पंधरा पुस्तकं पुरतात. त्याहून जास्त झाली की टेबलाचंही कपाट होतं. तेवढीच आणखी टेबलाखाली खोक्यात तयार ठेवा, कारण गेलेल्या पुस्तकाची जागा त्याच दिवशी भरायची असते.

काढलेलं प्रत्येक पुस्तक कोरड्या फडक्याने पुसा, पानं झरझर उलटून कसर आहे का बघा. वास येत असेल तर दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर ठेवा. उन्हात नको, कागद पिवळा पडतो.

यानंतर येते आपल्या वाचनालयांची खरी अडचण. मांडणीबद्दलच्या बहुतेक सूचना मुखपृष्ठावर अवलंबून असतात आणि आपली जुनी पुस्तकं बायंडिंग केलेली! मुखपृष्ठ गेलेलं, वर तपकिरी नाहीतर हिरवं रेक्झिन, कण्यावर पांढऱ्या शाईने दाखलांक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक. अशी पंधरा पुस्तकं उभी केली तर टेबलावर विटा रचल्यासारख्या दिसतात. यावर कागदी पट्टी हा उपाय आहे. फिक्या रंगाच्या कार्डशीटची चार बोटं रुंद पट्टी कापायची, पुस्तकाच्या वरच्या पुठ्ठ्याभोवती गुंडाळायची आणि तिची दोन टोकं एकमेकांना आतल्या बाजूने डिंकाने जोडायची. डिंक पुस्तकाला लागता कामा नये. सेलोटेप मुळीच नको, काढताना रेक्झिनचा पापुद्रा निघतो. स्टेपलर आणि टाचण्या आमच्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात आणि पानावर डाग पडतो. पट्टी सैल हवी, अलगद सरकवून काढता यावी.

पट्टीवर नाव आणि लेखक जाड मार्करने. खाली एक ओळ, आणि सगळी मेहनत या ओळीची. 'हृदयस्पर्शी आत्मकथन' लिहून काही होत नाही, ते कुठल्याही पुस्तकावर चालेल. पुस्तकात काय घडतं ते साध्या शब्दांत सांगायचं. 'स्मृतिचित्रे'वर मी लिहिते: 'नवऱ्याने धर्म बदलला. पुढे काय झालं ते बायकोने लिहिलंय.' रमाबाईंच्या पुस्तकावर: 'नवरा म्हणतो शिक, घरातल्या बायका म्हणतात नको.' 'पालखी'वर: 'वारीबरोबर चालत गेलेल्या लेखकाची रोजची हकिगत.' अशी ओळ लिहायची तर पुस्तक निदान चाळावं लागतं. पंधरा पुस्तकं एकट्याने चाळायला वेळ नसतो, म्हणून नेहमीच्या वाचकांना विचारा. आमच्याकडे निवृत्त शिक्षक येतात, त्यांना दोन पुस्तकं दिली की दुसऱ्या दिवशी ओळी तयार. ज्याने ओळ लिहिली तो माणूस ते पुस्तक आणखी चौघांच्या गळ्यात घालतो, हा वरचा फायदा.

उभं करायला विकतचे स्टँड लागत नाहीत. जुन्या टेबल कॅलेंडरचा त्रिकोणी पुठ्ठा पातळ पुस्तकाला पुरतो. जाड पुस्तकाला स्वयंपाकघरातलं ताटं ठेवायचं स्टीलचं स्टँड उत्तम. मागच्या रांगेला उंची देण्यासाठी खाकी कागदात गुंडाळलेल्या विटा किंवा बुटांची खोकी ठेवा, वर एकरंगी कापड टाका. नक्षीची चादर नको, पुस्तकं त्यात हरवतात. मुलांची मांडणी टेबलावर नकोच. चटई आणि चौरंग, म्हणजे मूल बसून बघतं. उघडं पुस्तक एखादंच ठेवा आणि रोज त्याचं पान बदला. एकाच पानावर आठवडाभर उघडं राहिलं की जुनी शिवण तिथेच सुटते.

जागा कुठली, यावर निम्मं यश आहे. मोफत वाचन विभागात वर्तमानपत्रं वाचायला येणारे खूप असतात. त्यांतले बरेच सभासद नसतात, एसटीची वाट बघत बसलेले असतात. त्यांच्या टेबलाकडून दाराकडे जाणाऱ्या वाटेवर मांडणी हवी, आणि ती काउंटरवरूनही दिसायला हवी. दोन्ही साधत नसेल तर वाट निवडा. पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवलं तर उन्हाने मुखपृष्ठांचे रंग उडतात आणि पावसाळ्यात भिंतीला टेकवलं तर ओल धरते, म्हणून भिंतीपासून हातभर अंतर.

मांडून झालं की एक पुस्तक मुद्दाम उचलून घ्या. भरगच्च, नीटनेटक्या रांगेतून पुस्तक काढायला आपल्या लोकांना संकोच वाटतो. एक जागा रिकामी दिसली की कोणीतरी नेलंय हे कळतं आणि दुसरा हात पुढे येतो. आमच्याकडे फक्त क्रीडा पान वाचणाऱ्या एका रिक्षावाल्या दादांनी असंच 'समुद्र' मांडणीतून मासेमारीवरचं पुस्तक उचललं. "हे नेता येतं?" त्यांनी विचारलं. त्याच दिवशी त्यांनी अनामत भरून सभासदत्व घेतलं.

पुस्तकं चोरीला जातील अशी काळजी कार्यकारिणीत कोणीतरी व्यक्त करतंच. त्यांना टेबलाची यादी दाखवा. मांडताना दाखलांक वहीत उतरवा, पुढे तीन रकाने: गेलं, परत आलं, तसंच राहिलं. संध्याकाळी बंद करताना मोजणी पाच मिनिटांत होते. या वहीचा दुसरा उपयोग मोठा आहे. कुठल्या विषयाला हात लागले, कुठल्या पट्टीवर कोणी थांबलं नाही, हे तीतून कळतं, आणि पुढच्या खरेदीच्या बैठकीत अंदाजाऐवजी आकडे सांगता येतात.

पंधरा दिवसांनी मांडणी उतरवा, चाललेली असली तरी. रोज येणाऱ्याच्या डोळ्यांना ती सवयीची झालेली असते. जे एकदाही उचललं गेलं नाही ते पुस्तक लगेच बाद यादीत टाकू नका, दुसऱ्या विषयात, दुसरी ओळ लिहून एकदा बसवून बघा. पट्ट्या सरकवून काढा आणि विषयाचं नाव घालून लिफाफ्यात ठेवा, पुढच्या वर्षी कामाला येतात. पुस्तकं मात्र त्याच दिवशी दाखलांक ताडून कपाटात लावायची. खोक्यात राहिलेलं पुस्तक कोणी मागितलं की तासभर शोधाशोध होते.