प्रॉक्सी सर्व्हर चुकीच्या पत्त्यावरून बाहेर जात असेल तर

मुंबईतल्या अनेक कचेऱ्यांत एकाच लिनक्स मशीनवर दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन आणलेल्या असतात, कारण पावसाळ्यात रस्त्याखालची केबल तुटली तरी काम थांबून चालत नाही. त्याच मशीनवर स्क्विड हा प्रॉक्सी, म्हणजे कचेरीतल्या संगणकांच्या विनंत्या स्वतःच्या नावाने इंटरनेटवर पाठवणारा प्रोग्राम, चालतो आणि मशीनला तीन-चार आयपी पत्ते असतात. ज्या बाहेरच्या सर्व्हरशी रोजचा व्यवहार असतो, तो मात्र आपला एकच पत्ता नोंदवून घेतो आणि दुसऱ्या कोणत्याही पत्त्यावरून आलेली जोडणी नाकारतो.

फोर्टमधल्या एका कचेरीत रविवारी देखभालीसाठी मशीन रीस्टार्ट केले आणि सोमवारी सकाळी अशा एका सर्व्हरने आमच्या जोडण्या घेणे बंद केले. स्क्विडच्या फाइलमध्ये एक अक्षरही बदललेले नव्हते, तरी आम्ही दोन तास तीच फाइल पुन्हा पुन्हा वाचत बसलो. दोष होता तो रीस्टार्टनंतर पत्ते कोणत्या क्रमाने लागले यात. तेव्हापासून माझा आग्रह आहे की प्रॉक्सीची फाइल उघडण्यापूर्वी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारावे, कारण प्रॉक्सीला स्पष्ट सांगितलेले नसेल तर बाहेर जाताना कोणता पत्ता वापरायचा हे कर्नलच ठरवतो.

पुढील उदाहरणांत २०३.०.११३.१० आणि २०३.०.११३.११ हे पहिल्या लाइनवरचे, १९८.५१.१००.२० हा दुसऱ्या लाइनवरचा आणि १९२.०.२.५० हा पलीकडच्या सर्व्हरचा पत्ता धरला आहे; हे सर्व गट दस्तऐवजांतील उदाहरणांसाठीच राखीव आहेत. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या रोमन लिपीत द्याव्यात.

पहिली आज्ञा ‘आयपी रूट गेट १९२.०.२.५०’ ही. उत्तराच्या ओळीत ‘डेव्ह’ या शब्दापुढे पॅकेट ज्या इंटरफेसवरून (नेटवर्कच्या जोडणीवरून) जाईल त्याचे नाव असते आणि ‘एसआरसी’ या शब्दापुढे कर्नलने निवडलेला पत्ता असतो. कर्नल आधी रूट, म्हणजे पॅकेटची वाट, निवडतो. त्या रूटवर ‘एसआरसी’ नोंदवलेला असेल तर तोच पत्ता घेतो, आणि नसेल तर त्या इंटरफेसवरच्या योग्य प्राथमिक पत्त्यांतून एक उचलतो. एकाच सबनेटमधले (पत्त्यांच्या एकाच गटातले) दोन पत्ते लावले, तर आधी लागलेला प्राथमिक ठरतो आणि नंतरचा दुय्यम. ‘आयपी अ‍ॅड्रेस शो’ या आज्ञेत दुय्यम पत्त्यापुढे ‘सेकंडरी’ असे लिहिलेले दिसते. आमच्याकडे शेवटी ११ असलेल्या पत्त्याऐवजी १० असलेला आधी लागला होता, एवढेच घडले होते. डीफॉल्ट रूटवर (वेगळी वाट दिलेली नसेल तेव्हा वापरायच्या रूटवर) ‘एसआरसी २०३.०.११३.११’ असे कायमचे नोंदवल्यावर क्रमाचा प्रश्न उरला नाही.

सगळी वाहतूक एकाच पत्त्यावरून जायची नसेल, तर स्क्विडमध्ये ‘टीसीपी_आउटगोइंग_अ‍ॅड्रेस’ ही ओळ वापरावी. तिच्यात आधी पत्ता आणि मग तो कोणत्या एसीएलसाठी (विनंती ओळखण्याच्या अटीसाठी) आहे ते लिहायचे असते. ओळी वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली जुळणारी ओळ लागू होते, म्हणून एसीएल नसलेली ओळ वर राहिली तर तिच्याखालच्या ओळींपर्यंत तपासणी पोहोचतच नाही. येथे फक्त झटपट तपासता येणारे एसीएल चालतात. विनंती कोणत्या क्लायंटकडून आली यावर पत्ता ठरवायचा असेल, तर ‘सर्व्हर_पर्सिस्टंट_कनेक्शन्स’ बंद ठेवावे. नाहीतर एका क्लायंटसाठी उघडलेली जोडणी दुसऱ्यासाठी वापरली जाण्याचा धोका राहतो. ‘एचटीटीपी_पोर्ट’पुढे दिलेला पत्ता फक्त ऐकण्यासाठी, म्हणजे आत येणाऱ्या जोडण्या घेण्यासाठी असतो; बाहेर जातानाही तोच वापरला जातो, हा गैरसमज मी फार वेळा पाहिला आहे. स्क्विडऐवजी एनजिनएक्स हा प्रोग्राम असेल तर बाहेरचा पत्ता ठरवण्याचे काम ‘प्रॉक्सी_बाइंड’ करते, तर एचएप्रॉक्सीमध्ये ‘सोर्स’.

मात्र ‘टीसीपी_आउटगोइंग_अ‍ॅड्रेस’च्या ओळीने पॅकेटवरचा पत्ता बदलतो, पॅकेटची वाट बदलत नाही. स्क्विडला १९८.५१.१००.२० हा पत्ता दिला तरी मुख्य टेबलातला (रूटच्या मुख्य यादीतला) डीफॉल्ट रूट पहिल्या लाइनचाच असेल, तर दुसऱ्या कंपनीचा पत्ता असलेले पॅकेट पहिल्या कंपनीच्या तारेवरून निघते आणि ती कंपनी परका पत्ता पाहून ते बहुधा टाकून देते. ‘आयपी रूट गेट १९२.०.२.५० फ्रॉम १९८.५१.१००.२०’ असे विचारून पाहावे. उत्तरात पहिल्याच लाइनचा इंटरफेस आला, तर दुसऱ्या लाइनसाठी वेगळे टेबल हवे: समजा टेबल २०० मध्ये दुसऱ्या गेटवेचा डीफॉल्ट रूट घालावा, लाइनच्या स्वतःच्या सबनेटचा रूटही घालावा, आणि ‘आयपी रूल अ‍ॅड फ्रॉम १९८.५१.१००.२० लुकअप २००’ हा नियम द्यावा. नियमांत मुख्य टेबलाचा क्रमांक ३२७६६ असतो, आपला नियम त्याच्या आधी आहे ना, हे ‘आयपी रूल शो’ने पाहून घ्यावे.

एवढे करूनही पलीकडे चुकीचाच पत्ता दिसत असेल, तर दोन खिडक्या शेजारी उघडाव्यात. एकीत ‘एसएस’ ही आज्ञा ‘टी’ आणि ‘एन’ या पर्यायांसह चालवावी, दुसरीत त्याच इंटरफेसवर ‘टीसीपीडम्प’. ‘एसएस’मध्ये सॉकेटला लागलेला पत्ता दिसतो, तर बाहेर जाणारे पॅकेट ‘टीसीपीडम्प’ला नॅट (पॅकेटवरचा पत्ता बदलणे) होऊन गेल्यानंतर दिसते. पहिल्या खिडकीत ११ आणि दुसरीत १० दिसत असेल, तर स्क्विड निर्दोष आहे. मशीनवरच कुठेतरी ‘मास्करेड’चा नियम बसलेला आहे आणि तो बाहेरच्या इंटरफेसचा पत्ता पॅकेटवर चढवतो आहे. त्या पत्त्यापुरता नियम वगळावा किंवा ठरावीक पत्ता देणारा ‘एसनॅट’ वापरावा. दोन्हीकडे पत्ता बरोबर आहे, पलीकडून उत्तरही येताना दिसते, पण जोडणी पूर्ण होत नाही, अशा वेळी आलेल्या पॅकेटची परतीची वाट तपासणारी ‘आरपी_फिल्टर’ ही कर्नलची सेटिंग पाहावी. तिची किंमत १ असेल, तर परतीची वाट दुसऱ्या इंटरफेसवरून आहे असे वाटताच कर्नल ते पॅकेट टाकून देतो. ‘ऑल’ची (सर्व इंटरफेससाठीची) आणि त्या इंटरफेसची, या दोन किमतींतली मोठी लागू होते. माझ्या मते किंमत २ करून ही तपासणी सैल करण्यापूर्वी वरचा ‘आयपी रूल’चा नियम खरोखर लागला आहे का ते तपासावे, कारण मूळ दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

लॉगमध्ये ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ आले, तर दिलेला पत्ता मशीनवर लागलेलाच नसतो, किंवा क्वचित त्या पत्त्यावरची तात्पुरती पोर्ट (प्रत्येक बाहेरच्या जोडणीला दिले जाणारे क्रमांक) संपलेली असतात. लिनक्सची नेहमीची मर्यादा ३२७६८ ते ६०९९९ अशी, म्हणजे २८,२३२ पोर्टची आहे.

आयपीव्ही६ या नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीत निवडीचे नियम वेगळे असून ते २०१२ च्या आरएफसी ६७२४ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजात दिले आहेत. त्यांत गोपनीयतेसाठीच्या तात्पुरत्या पत्त्यांना पसंती असते, म्हणून प्रॉक्सीच्या मशीनवर ‘यूज_टेम्पअ‍ॅडर’ ० ठेवावे. ज्या पत्त्यावर फक्त ऐकायचे आहे, त्याचा ‘प्रेफर्ड_एलएफटी’ (पसंतीचा कालावधी) ० करावा. आत येणाऱ्या जोडण्या तो घेत राहतो, पण दुसरा योग्य पत्ता असताना नव्या बाहेरच्या जोडणीसाठी निवडला जात नाही.

टर्मिनलवर दिलेले रूट आणि नियम रीस्टार्टनंतर टिकत नाहीत, म्हणून ते नेटवर्कच्या कायमच्या फाइलमध्ये लिहावेत. मग कचेरी बंद असताना मशीन मुद्दाम रीस्टार्ट करावे आणि ‘आयपी रूट गेट’ची आधीची व नंतरची उत्तरे शेजारी ठेवून ओळीने जुळवून पाहावीत.